बिट नंबर ३०

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात ‘कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन’ नावाचा विषय लागतो. सिनिअर्सचा सल्ला ठरलेला असतो: मागचे पेपर जमव, कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीची, गणितं घोटून ठेव, आकृत्या पट्टीने काढ, विषय निघतो. सल्ल्यात खोटं काही नाही, तो निघतोच. प्रोसेसर म्हणजे चौकटी, चौकटींतून जाणारे बाण, मध्ये ‘कंट्रोल युनिट’ लिहिलेला एक लंबगोल आणि खाली चार ओळी. त्या लंबगोलाच्या आत काय असतं हे पेपरात कोणी विचारत नाही.

आमच्या बॅचला हा विषय शिकवायला जे सर आले, त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, “लेखी परीक्षेचं तुम्ही बघून घ्या, ते तुम्हाला येतं. इंटर्नलचे मार्क मात्र प्रोसेसर बांधून दाखवेल त्याला.” वर्गात हशा पिकला. “सर, सिमेंट किती थैले लागतीन?” असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलंच.

मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. गावातून सकाळी काळी-पिवळीने मूर्तिजापूर, तिथून गाडीने बडनेऱ्याकडे, पुढे ऑटो. वर्गात निम्म्याहून जास्त पोरं अशीच रोज ये-जा करणारी, आणि एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारणारी. माझ्या ग्रुपमध्ये एक कारंजा होती आणि एक दर्यापूर. खरी नावं हजेरीपुरती.

आमच्याकडे सामान काय होतं तेही सांगते. माझा लॅपटॉप चुलतभावाने वापरून दिलेला, ४ जीबी रॅमचा, बॅटरी गेलेली, वायर निघाली की बंद. कारंज्याचा जरा बरा. दर्यापूरकडे फक्त मोबाइल आणि आलेख-वहीचा गठ्ठा. सरांनी जे सॉफ्टवेअर सांगितलं त्याचं नाव लॉजिसिम. फुकट मिळतं, जावावर चालतं, जुन्या मशीनवरही कुरकुरत नाही. त्यात गेट, म्हणजे ०-१ वर एक साधं काम करणारा सर्किटचा तुकडा, उचलून ठेवायचं, वायर ओढायची, घड्याळाची टिक द्यायची आणि कुठल्या वायरीत काय वाहतंय ते बघायचं. एका बिटाच्या (बिट म्हणजे एक ० किंवा १) वायरीत १ असला की ती लख्ख हिरवी, ० असला की गडद हिरवी. वायरीत कुठूनच काही सिग्नल येत नसला की निळी, आणि दोन ठिकाणांहून उलटसुलट सिग्नल आले की लाल. सेमिस्टरभर आम्ही एकमेकांना “तुयी लाल आहे का निळी?” एवढंच विचारत होतो. गाडीतल्या बायका आमच्याकडे बघायच्या.

आधी लॅबमधल्या ८०८५ प्रोसेसरच्या किटबद्दल थोडं, कारण त्याला नावं ठेवायची फॅशन आहे. १९७६ सालची चिप, बारका कीबोर्ड, लाल आकडे. ३ई दाबा, ०ए दाबा, शेवटी ७६ दाबून थांबवा. मला ते किट वाईट वाटत नाही. इन्स्ट्रक्शन म्हणजे मेमरीत बसलेला एक आकडा, दुसरं काही नाही, हे ते किट जितकं ठसवतं तितकं कुठलंच पुस्तक ठसवत नाही. पण तो आकडा आत गेल्यावर नेमकं काय हलतं, हे किटच्या झाकणाखाली राहतं. आम्हाला नेमकं तेच बांधायचं होतं.

सरांनी निवडलेला इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या हुकुमांची यादी, रिस्क-फाइव्ह. २०१० साली बर्कलीला, कॅलिफोर्निया विद्यापीठात, त्याची सुरुवात झाली. तो कोणालाही वापरता येतो, परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचा ‘वेगा’ हे दोन्ही प्रोसेसर त्याच्यावरच उभे आहेत. ३२ बिटांच्या मूळ सेटमध्ये फक्त ४० इन्स्ट्रक्शन. त्यातल्याही आम्हाला मोजक्याच करायच्या होत्या: बेरीज, वजाबाकी, अँड, ऑर, मेमरीतून आणणं, मेमरीत ठेवणं आणि दोन प्रकारच्या उड्या, म्हणजे लगेच पुढची ओळ सोडून दुसरीकडे जाणं.

पहिले काही तास संख्यांमध्ये गेले. टूज कॉम्प्लिमेंट (उणे संख्या ०-१ मध्ये लिहायची पद्धत), ओव्हरफ्लो वगैरे. ते सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटत होतं, म्हणून भराभर झालं. मग सरांनी इन्स्ट्रक्शन हाताने बिटांत उतरवायला लावल्या आणि वर्ग शांत झाला. ‘ॲड एक्स५, एक्स६, एक्स७’ म्हणजे एक्स६ आणि एक्स७ ची बेरीज एक्स५ मध्ये. ही रजिस्टरं, प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे. उजवीकडचे सात बिट कामाचा प्रकार सांगतात, त्याच्या अलीकडे उत्तर कुठे ठेवायचं ते, मग कुठून घ्यायचं ते. सगळे मांडून हेक्समध्ये, म्हणजे चार-चार बिटांचा एकेक आकडा, केलं की ००७३०२बी३. मग सर म्हणाले, आता वजाबाकी लिहा. ती आली ४०७३०२बी३. पहिल्या आकड्यात ० चा ४ झाला, बाकी जसंच्या तसं. म्हणजे ३२ बिटांत एकच बिट बदलला, उजवीकडून शून्यापासून मोजला तर नंबर ३०.

हे पाहून दर्यापूर म्हणाला, “एका बिटात बेरजेची वजाबाकी? मंग सर्किट तर दोन लागतीन नं?” नाही लागत, आणि या विषयातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच. वजा करायचं असेल तर दुसऱ्या संख्येचे सगळे बिट उलटे करायचे आणि एक मिळवायचा. उलटे करायला प्रत्येक बिटाच्या वाटेत एक एक्सऑर गेट. त्याच्या दुसऱ्या पायाला ० दिला तर बिट तसाच जातो, १ दिला तर उलटून जातो. आणि तो मिळवायचा एक? बेरजेला एककाच्या घरात हातचा कधीच नसतो, ती जागा रिकामीच असते, तिथे घालायचा. म्हणजे बिट ३० ची एकच वायर ओढायची, तिच्या ३२ शाखा एक्सऑरना आणि एक पहिल्या हातच्याला. ० असला की बेरीज, १ असला की वजाबाकी. पाऊण रात्र जागून मी ते लॉजिसिममध्ये जोडलं. बाबा हरभऱ्याच्या जागलीला निघाले होते, रोही आणि रानडुकरं त्या आठवड्यात फार मातली होती. दारातून म्हणाले, “काय करून राह्यली वो एवढ्या राती?” म्हटलं, बेरीज करते. “मोबाइलमधी होते नं ते,” म्हणाले आणि टॉर्च घेऊन गेले.

मग सरांनी टेस्ट प्रोग्राम दिला. चार ओळींचा, दिसायला गरीब. एक्स५ मध्ये १० टाका, त्यातून एकेक कमी करा, शून्य झालं की थांबा. या सेटमध्ये ‘अमुक आकडा वजा कर’ अशी इन्स्ट्रक्शनच नाही, उणे एक मिळवायचा असतो. ‘ॲडआय एक्स५, एक्स५, उणे १’. चालवलं. एक्स५ मध्ये १० आले. पुढे ११. मग १२. मग १३.

“हे काऊन वाढून राह्यलं बे?” दर्यापूर स्क्रीनला विचारत होता. शेजारच्या ग्रुपचंही वाढत होतं, मागच्यांचंही. सर दारापाशी उभे राहून चहा पीत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्यांना ठाऊक होतं.

उत्तर कारंज्याला सापडलं, तेही स्क्रीनवर नाही, वहीवर. तिने उणे एकची इन्स्ट्रक्शन बिटांत लिहिली. ‘ॲडआय’मध्ये आकडा इन्स्ट्रक्शनच्याच पोटात बसतो, डावीकडच्या बारा बिटांत. उणे एक म्हणजे बाराच्या बारा एक. त्यातला एक बिट नंबर ३० च्या जागी येतो. आमच्या सर्किटला तेवढंच कळत होतं: ३० वर १ आहे, वजा करा. उणे एक वजा केलं की एक वाढतोच. यंत्राने सांगितलं तेच चोख केलं होतं. आधीच्या ओळीत १० टाकताना बिट ३० शून्य होता म्हणून काही बिघडलं नव्हतं.

यावर वर्गातल्या बहुतेकांनी एकच सोपा उपाय शोधला. उजवीकडच्या त्या सात बिटांत, बेरीज-वजाबाकीच्या कोडमध्ये बिट ५ हा १ असतो, ‘ॲडआय’च्या कोडमध्ये ०. मग ३० आणि ५ यांना एका अँड गेटमधून (दोन्ही १ असले तरच १ देणारं) काढा आणि मोकळे व्हा. एक गेट, विषय संपला. एक्स५ उतरायला लागला, १०, ९, ८. टाळ्याही झाल्या. पुढच्या तासाला सरांनी दुसरा प्रोग्राम दिला, त्यात मेमरीत ठेवण्याची इन्स्ट्रक्शन होती, ‘एसडब्ल्यू’, पत्ता ‘एक्स८ च्या मागे चार’. त्या इन्स्ट्रक्शनच्या कोडमध्येही बिट ५ एकच असतो, आणि उणे चारमुळे ३० वरही एक येतो. आकडा चार घरं मागे ठेवायचा तो चार घरं पुढे जाऊन बसला आणि तिथलं जे होतं ते पुसून गेला.

त्या दिवशी मला तो लंबगोल कळला. कंट्रोल युनिट म्हणजे एवढंच: कुठला बिट कधी आकड्याचा भाग आहे आणि कधी हुकूम आहे, याचा निवाडा. तो एका चलाख गेटने होत नाही. आम्ही शेवटी दोन टप्प्यांत केला, आधी सात बिट बघून प्रकार ठरवायचा, आणि प्रकार ठरल्यावरच गणित करणाऱ्या भागाला बिट ३० कडे बघू द्यायचं. पुस्तकात हेच चित्र आधीपासून छापलेलं आहे. पुस्तक चुकत नाही, पण ते तसंच का आहे हे त्या चित्रातून दिसत नाही.

याच सुमारास गाडीत एका काकांनी विचारलं होतं, काय शिकते. प्रोसेसर बनवायचं शिकतेय म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणजे भटकर सायेबासारखं?” आमच्या तालुक्यात हे होणारच. विजय भटकरांचं मुरंबा गाव मूर्तिजापूर तालुक्यातलंच, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली झालेला १९९१ चा सुपरकॉम्प्युटर परम ८००० इकडे पान-टपरीवरही माहीत आहे. मी घरी येऊन वाचलं तर परमच्या आतले प्रोसेसर बाहेरचे होते, इनमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर. एका ट्रान्सप्युटरला चार लिंक असतात, त्यांनी तो शेजाऱ्यांना जोडता येतो. सी-डॅकच्या लोकांची करामत होती ती असे कितीतरी एकत्र जोडून एकाच कामाला लावण्यात. अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये उभी राहिलेली ती संस्था. आता त्याच संस्थेचा ‘वेगा’ आहे, ज्यात प्रोसेसरच आपला. मला वाटतं या दोन्हींतला फरक शाळेत सांगितला पाहिजे. आपण नुसतं ‘पहिला भारतीय सुपरकॉम्प्युटर’ म्हणून फोटो लावतो.

विषयाचा दुसरा अर्धा भाग पाइपलाइनचा, म्हणजे एक इन्स्ट्रक्शन संपायची वाट न बघता पुढची सुरू करायची. इथे पुस्तकातलं उदाहरण कपडे धुण्याचं असतं: वॉशिंग मशीन, मग ड्रायर, मग घड्या. ड्रायर वर्गात कोणी पाहिलेला नव्हता. मूर्तिजापुरात कपडे वाळायला दोरी आणि वीस मिनिटं पुरतात. दर्यापूरचे मामा जिनिंगवर कामाला, त्याने जिनिंग सांगितलं. एकीकडे गाड्या खाली होत असतात, पुढे जिनवर सरकी वेगळी होत असते, त्यापुढे रुई साफ होत असते, शेवटी प्रेसवर १७० किलोची गाठ बांधली जात असते. एका शेतकऱ्याचा कापूस गाठ होईपर्यंत दुसऱ्याचा बाहेर उभा राहत नाही. आणि सगळ्या जिनिंगचा वेग सगळ्यात हळू टप्प्याएवढाच, बाकीचे कितीही पळोत.

सरांनी फळ्यावर आकडे दिले. इन्स्ट्रक्शन आणणं २५० पिकोसेकंद, रजिस्टर वाचणं १५०, गणित २००, मेमरी २५०, परत लिहिणं १५०. सगळं एका दमात केलं तर १,०००. पाच टप्पे पाडले तर घड्याळ सगळ्यात हळू टप्प्याचं, २५०. टप्पे पाच, पण वेग चौपटच. आणि गंमत म्हणजे एका इन्स्ट्रक्शनला आता १,००० ऐवजी १,२५० लागतात. एकटीचं नुकसान, रांगेचा फायदा. हे आकडे समजावण्यापुरते, पण हिशेब खरा.

पाच टप्पे पाडायचे म्हणजे मध्ये चार ठिकाणी रजिस्टरांच्या भिंती घालायच्या. लॉजिसिममधलं आमचं सर्किट स्क्रीनच्या बाहेर गेलं. दर्यापूरने ते आलेख-वहीची पानं सेलोटेपने जोडून काढलं आणि गाडीच्या वरच्या बर्थवर पसरून आम्ही वायरी मोजत जायचो. सर्किट जोडून झाल्यावर सुरू झाला खरा त्रास, कारण आता एका वेळी पाच इन्स्ट्रक्शन आत असतात. एकीचं उत्तर अजून रजिस्टरात पोचलेलं नसतं आणि मागची तेच रजिस्टर वाचून मोकळी झालेली असते.

याचे उपाय पेपरात पाच मार्कांना येतात, ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘स्टॉल’. करताना ते बारीक निघतात. उत्तर रजिस्टरात जायच्या आधीच मधल्या भिंतीतून उचलून मागच्या इन्स्ट्रक्शनला द्यायचं, हे फॉरवर्डिंग. अट सोपी: पुढची जिथे लिहिणार आहे तिथूनच मागची वाचतेय का. पण एक्स० हे रजिस्टर कायम शून्य असतं, त्यात काहीही लिहिलं तरी. पुढच्या इन्स्ट्रक्शनने एक्स० मध्ये काही ‘लिहिलं’ आणि आपण ते भोळेपणाने उचलून दिलं, तर शून्याच्या जागी सात येतात. म्हणून अटीत अजून एक अट. मेमरीतून आणलेला आकडा लगेच पुढच्याच ओळीत हवा असेल तर फॉरवर्डिंगही कामाचं नाही, कारण आकडा अजून मेमरीतून आलेलाच नसतो. तिथे मागच्या दोन्ही टप्प्यांना एक टिक जागीच उभं करावं लागतं आणि पुढे एक रिकामी इन्स्ट्रक्शन सोडावी लागते, हा स्टॉल. उडी मारायची ठरेपर्यंत मागे दोन चुकीच्या इन्स्ट्रक्शन आत शिरलेल्या असतात, त्या पुसाव्या लागतात.

सगळ्यात जास्त झोप घालवली ती एका अशा गोष्टीने, जी आमच्या नोट्समध्ये अर्ध्या ओळीत होती. एका टिकेला पाचव्या टप्प्यातली इन्स्ट्रक्शन रजिस्टरात लिहीत असते आणि त्याच टिकेला दुसऱ्या टप्प्यातली तेच वाचत असते. नवा आकडा मिळणार की जुना? आमच्याकडे जुना मिळत होता. प्रोग्राममध्ये लिहिणं आणि वाचणं यांच्या मध्ये बरोबर दोन ओळी असल्या की उत्तर चुकायचं, एक किंवा तीन ओळी असल्या की बरोबर. नोट्समधली ती अर्धी ओळ अशी: पहिल्या अर्ध्यात लिहा, दुसऱ्या अर्ध्यात वाचा. लॉजिसिममध्ये त्यासाठी रजिस्टरवर क्लिक करून ट्रिगर ‘फॉलिंग एज’ करायचा, म्हणजे घड्याळ खाली येताना लिहिलं जातं. एका यादीतला एक पर्याय. तो बदलला त्या रात्री गावातली लाइन गेली आणि फाइल सेव्ह झालेली होती की नाही हे बघायला पहाटेपर्यंत थांबावं लागलं. झालेली होती.

कॅशबद्दल थोडक्यात, कारण ते आम्ही बांधलं नाही, नुसतं पाहिलं. एक मोठा तक्ता सी प्रोग्राममध्ये आधी ओळीने बेरीज करून पाहिला, मग स्तंभाने. बेरीज तीच, वेळ कित्येक पट जास्त. मेमरीतून ६४ बाइटची एक लाइन एका वेळी येते, त्यात १६ आकडे बसतात. ओळीने गेलं तर सोळाही वापरात येतात, स्तंभाने गेलं तर एक वापरायचा आणि पंधरा टाकून द्यायचे. कॅशची गणितं घोटलेल्या पोरांनीही हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते दाखवायला काहीच खर्च नाही. सगळ्या कॉलेजांत का दाखवत नाहीत कोण जाणे.

एप्रिलच्या उन्हात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी आधी नेहमीचं विचारलं, व्हॉन न्यूमन आणि हार्वर्ड या कॉम्प्युटरच्या दोन रचनांमधला फरक. मग त्यांनी आमची स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि कंट्रोल-टी दाबत टिक द्यायला लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एका इन्स्ट्रक्शनला तर उलट जास्त वेळ लागतो. मग हे कोणाच्या फायद्याचं?” मी १,००० आणि १,२५० सांगायला लागले, तेवढ्यात दर्यापूरने मध्येच जिनिंग सुरू केलं. सर ऐकत राहिले. ते वणीचे निघाले, घरी कापूस. “अन् प्रेस बंद पडली तं?”

“तर मागचं सगळं जागेवर थांबवावं लागते सर. पुढचं निघून जाते, मधात रिकामी जागा.”

“अन् जिनमधे जो माल अर्धा आहे तो?”

“तो तसाच ठेवाचा. पुसाचा नाई. पुसतो फक्त उडीच्या वेळेस.”

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, इंटरप्ट केला का, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून दुसरीकडे वळायची सोय. नव्हता केला. गुणाकार? तोही नाही, तो मूळ सेटमध्ये नसतोच, वेगळा जोडावा लागतो. “ते राहू द्या, इंटरप्ट करा,” म्हणाले आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं.

मार्क बरे मिळाले. लेखी पेपरात पाइपलाइनची आकृती आली होती, तेरा-चौदा मिनिटांत काढून झाली. सध्या तेच सर्किट व्हेरिलॉगमध्ये लिहून काढतोय, म्हणजे गेट न ओढता मजकुरात. इकारस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. अडकलोय ते इंटरप्टवरच. पाच इन्स्ट्रक्शन आत अर्धवट असताना इंटरप्ट आला, तर कुठल्या पूर्ण होऊ द्यायच्या आणि कुठल्या पुसून नंतर पुन्हा सुरू करायच्या? कारंजा म्हणते मेमरीच्या टप्प्यापर्यंत गेलेल्या सोडून द्या, बाकी पुसा. दर्यापूर म्हणतो पाचही पूर्ण करा, चार टिकांनी काय बिघडते. मी कारंज्याच्या बाजूने आहे, कारण आतली एखादी उडी असेल आणि ती ठरलेलीच नसेल, तर ‘पाचही’ म्हणजे नेमक्या कुठल्या पाच, याचं उत्तर त्याच्याकडे अजून नाही.